दोन बोटं माया

थेटरच्या धोंडीरामनं भरदुपारी गाऊन आणून टाकला
माझ्या मशीनवर. म्हणाला, मावशी,
इटलीची कंपनी आलीय, रात्री नऊला खेळ,
त्यांचा शिंपी गोव्यात तापानं पडलाय.
नायिका येतेच मागनं मापाला.

जुना गाण्याचा खेळ, साठ वर्षांनी पुन्हा उभा केलेला.
गाऊनही म्हणे तेव्हाचाच.
मी तो उलटा केला. शिवण उलट्या बाजूनंच वाचायची असते.
गळपट्टीला आतून शाईनं तीन नावं, दोन खोडलेली.
कुशीला वेगवेगळ्या हातांच्या टिपा:
एक घाईची, एक डावखुऱ्या कुणाची,
एक इतकी बारीक की डोळ्यांत पाणी यावं.
हसाल, पण मला आलं.
आणि सगळ्यांत आत, पहिल्या हातानं राखलेली
दोन बोटं माया. कुणी वापरलीच नव्हती.

ओर्नेला आली. थोराड, घामेजलेली,
पायात सकाळीच घेतलेलं करकरतं पायताण.
मी छातीभोवती टेप धरली, आकडा टिपला,
तर ती मान हलवत नको नको म्हणते.
तिच्याबरोबरचा जिनेंद्र, फोनवर इटालियन शिकलेला पोरगा,
म्हणाला, दोन मापं घ्या, मावशी. एक रिकाम्या श्वासाचं, एक भरल्या.
आणि तिनं श्वास घेतला.
टेप बोटांतून सरकत गेली, सरकतच गेली.
पाच इंच.
पस्तीस वर्षं शिवतेय गुजरीच्या बोळात,
बाईच्या आत एवढी जागा असते
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
ती दोन्ही बोटं मी खुली केली.

ह्यांचं माप शेवटी शेवटी एकच यायचं.
एकवीस वर्षं उद्यमनगरात साच्यांची वाळू झाडली,
श्वास घेतला काय, सोडला काय,
टेप जागची हलायची नाही.
दर दिवाळीला सदरा आत घेत गेले.
सदरा आत घेतला की माणूस बाहेरून लहान होतो
आणि आतून माया वाढत जाते.
शेवटच्या सदऱ्यात पाऊण वीत होती. टोचायची त्यांना.
कापून टाक म्हणायचे.
मी नाही कापली.

रात्री विंगेत उभी राहिले, सुईदोरा घेऊन.
शेवटच्या अंकात नायिकेला छातीचाच रोग.
पलंगावर उताणी, आणि गाते कशी,
तर झरोक्यातली पारवी उडाली.
मला रागच आला. असं नाही मरत कुणी, बाई.
पाणी मागायला दम पुरत नाही,
'पा' म्हणून माणूस थांबतं.

बाजूच्या पट्टीवर मराठी उमटत होतं, ते मध्येच अडकलं.
ही मरत होती आणि वर अक्षरं:
घोडागाडी किती वाजता येणार?
कुणी हसलं नाही.
मग ती मेली. दिवे उतरत आले.
तेवढ्यात मागच्या खुर्च्यांतून
एक खणखणीत म्हातारा आवाज, वन्स मोअर!
मग दुसरा. मग अख्खं थेटर.

काठीवाला भांबावला. जिनेंद्र पळत गेला, कानाशी लागला.
मेलेल्या बाईनं एक डोळा उघडला,
उशी नीट केली,
आणि तोच श्वास घेतला, दुपारचा.
कुशीची शिवण ताणलेली मला दिसत होती,
त्या कुण्या पहिल्या हाताची दोन्ही बोटं
आता पुरती बाहेर.
सावकाश, आधीपेक्षा सावकाश,
ती पुन्हा मरू लागली.
माझा राग कुठं गेला, कळलं नाही.
सुई दातांत धरून उभी होते, म्हणून तोंड मिटलेलं राहिलं.

पहाटे बस सुटायच्या आधी गाऊन मागून घेतला.
शिल्लक काहीच नव्हती त्यात.
कुशीला आतून एक पट्टी जोडली,
निळ्या रेघांची, धुऊन धुऊन मऊ झालेली, दोन बोटं.
कुठल्या कापडाची, कुणी विचारलं नाही.
पुढच्या गावच्या शिंप्यानं लागली तर उसवावी.

धोंडीरामकडं मजुरीतले पन्नास अजून बाकी आहेत.